सावलीला ‘ती’ म्हणावे का? : आधुनिक फारसी गद्य आणि वाचणाऱ्याचे मन

मोडी कागद वाचता वाचता मी फारसीच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचलो. इनामपत्रांत ‘मजकूर’, ‘दरोबस्त’, ‘बिलाकसूर’ असे शब्द रोज भेटायचे. त्यांचे नेमके अर्थ लागावेत म्हणून माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियनांचा, १९२५ सालचा ‘फारसी-मराठी कोश’ जवळ बाळगला. एका शब्दासाठी कोश उघडायचा आणि भलत्याच पानावर तासभर रेंगाळायचे, अशी सवय लागली. पुढे उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी दोन हिवाळे माझ्याकडून लिपी आणि वाचन घोटून घेतले. बाकी सगळे चाचपडत, स्वतःच. कुठल्याही विद्यापीठाचा शिक्का माझ्या फारसीवर नाही. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ती एका सावकाश वाचणाऱ्या माणसाची निरीक्षणे आहेत. आणि सावकाश वाचण्याचा इथे थोडा फायदाच झाला, असे मला वाटते.

सादेक हेदायत यांची ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे ‘आंधळे घुबड’, ही लघुकादंबरी मी आधी इंग्रजीतून वाचली होती. डी. पी. कॉस्टेलो यांचा १९५७ चा अनुवाद. दोन बैठकांत संपला. उदास, विचित्र, अफूच्या धुरात बुडालेले पुस्तक, एवढाच ठसा उरला. काही वर्षांनी तेच पुस्तक मूळ फारसीतून, कोश मांडीवर घेऊन, दिवसाला दोन पाने या गतीने वाचायला घेतले, तेव्हा एक वेगळीच गोष्ट घडू लागली. पहिल्या भागात निवेदक सांगतो, की ती स्त्री दृष्टीआड होऊन दोन महिने आणि चार दिवस झाले. पुष्कळ पुढे, दुसऱ्या भागात, जिथे काळ वेगळा, घर वेगळे, निवेदकाचे आयुष्यही वेगळे, तिथे पुन्हा तोच काळ: दोन महिने आणि चार दिवस. मी थांबलो. आपण चुकून जुनेच पान वाचतो आहोत का, म्हणून मागे गेलो. मग खिशातल्या पैशांचे तसेच झाले. दोन किरान आणि एक अब्बासी, ही रक्कम पहिल्या भागातही आहे आणि दुसऱ्यातही. पुन्हा पाने उलटली. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत मी मागे जाणे सोडून दिले. ‘हे आपण कुठेतरी वाचले आहे, पण कुठे ते सांगता येत नाही’ एवढीच जाणीव उरली, आणि ती घेऊन पुढे वाचत राहिलो.

नंतर लक्षात आले, की ही तर त्या निवेदकाचीच अवस्था. आपण कोण, हे आधी घडले की नंतर, ती स्त्री कोणती, हे त्याला ठरवता येत नाही. लेखकाने त्या अवस्थेचे केवळ वर्णन केले असते तर मी सहानुभूतीने मान हलवून पान उलटले असते. त्याने ती अवस्था माझ्या स्मरणशक्तीत उभी केली. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, की आधुनिक फारसी गद्यातल्या श्रेष्ठ लेखकांची शैली वाचणाऱ्याच्या मनाकडून काहीतरी करून घेते. ते काम वाक्याच्या अगदी लहान, व्याकरणी सांध्यांमध्ये चालते. आणि ते सांधे एका भाषेतून दुसरीत जाताना कुठे निखळतात, कुठे अनपेक्षितपणे घट्ट बसतात, हे मराठी वाचकाला बऱ्यापैकी दिसू शकते.

‘आंधळे घुबड’विषयी जे लिहिले जाते ते बहुतेक दोन वाटांनी जाते. एक वाट चरित्राची. हेदायत यांनी १९५१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये आत्महत्या केली, म्हणून पुस्तक त्या मृत्यूची पूर्वसूचना. दुसरी वाट प्रतीकांची. सरूचे झाड म्हणजे हे, कमळ म्हणजे ते, घुबड म्हणजे आणखी काही. आपल्याकडे या दुसऱ्या वाटेला एक देशी फाटाही आहे, कारण पुस्तकाचा जन्म मुंबईतला. हेदायत १९३६ मध्ये मुंबईला आले, बहरामगोर अंकलेसरिया यांच्याकडे पहलवी शिकले, आणि इथेच त्यांनी ‘बूफ-ए-कूर’च्या जेमतेम पन्नास प्रती हस्ताक्षरातून चक्रमुद्रित करून काढल्या. त्यावर इराणमध्ये छापण्यास व विकण्यास मनाई असल्याची नोंद होती. रजा शाह पायउतार झाल्यावर १९४१ मध्ये ती तेहरानच्या ‘ईरान’ या दैनिकात क्रमशः आली. कथेत निवेदकाची आई बुगाम दासी ही बनारसच्या लिंगमंदिरातली नर्तकी, तिथे नागाच्या खोलीतली ती भयंकर परीक्षा. हे सारे वाचले, की आपला वाचक त्यातच रमतो आणि हिंदू संदर्भ किती अचूक, किती चुकीचे, याची मोजदाद सुरू होते. मीही ती केली आहे. त्यातून पुस्तक हाती लागले नाही.

एक तिसरी गोष्ट लिहिली जात नाही, पण बोलली जाते. हे पुस्तक वाचून तरुण मुले जीव देतात, असा बोलबाला इराणात अनेक वर्षे होता. अफवा म्हणून ती बाजूला ठेवता येईल. पण तिच्यात साहित्याच्या परिणामाविषयीची एक ढोबळ कल्पना दडलेली आहे. पुस्तक म्हणजे विषाची बाटली, घोट घेतला की परिणाम. पुस्तकात खरोखरच एक विषाची बाटली आहे, नागाचे विष घातलेल्या मद्याची, हा योगायोग गमतीचाच. माझा अनुभव असा, की हे पुस्तक वाचकाला दुःखी करत नाही. दुःखी करणारी पुस्तके कितीतरी आहेत. ते वाचकाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास काढून घेते, आणि तो वाचनापुरता. पुस्तक मिटले की आठवण पूर्ववत. पण मधल्या काळात काहीतरी शिकून झालेले असते.

हे कसे साधते? पुनरावृत्तीने, हे उत्तर सोपे आहे. पण पुनरावृत्ती निरनिराळ्या जातींची असते. आपल्या कीर्तनातले ध्रुपद पुन्हा येते तेव्हा मन विसावते, कारण ते कधी येणार हे ठाऊक असते. हेदायत यांची पुनरावृत्ती अवेळी येते आणि, मुख्य म्हणजे, माणूस बदलून येते. अंगावर काटा आणणारे ते कोरडे, घोगरे हसू पहिल्यांदा एका म्हाताऱ्याचे असते. मग नागाच्या खोलीच्या दारामागून ऐकू येते. शेवटी ते निवेदकाच्याच तोंडून बाहेर पडते. डाव्या हाताची तर्जनी ओठांवर ठेवण्याची किंवा चावण्याची लकब एका चित्रातून दुसऱ्या देहात जाते. आणि काकडीच्या टोकाची ती कडू चव. आपल्याकडे काकडी चिरण्याआधी टोक कापून, घासून कडवटपणा काढतात, त्यामुळे मराठी जिभेला ती चव समजावून सांगावी लागत नाही. ती या पुस्तकात एकाहून अधिक ओठांना आहे. माणसे निरनिराळी, चव तीच. वाचक चवीवरून माणूस ओळखू पाहतो आणि चुकतो.

यात लेखकाची शिस्त अशी, की पुन्हा येणारी गोष्ट जवळजवळ त्याच शब्दांत येते. अनुवादकाने एकदा ‘भेसूर’ आणि पुढे ‘विकट’ असे लिहिले, की सगळे बिघडले. शाळेत आपल्याला एकच शब्द परत वापरू नये असे शिकवलेले असते, आणि हा संस्कार चांगल्या अनुवादकांच्याही हाडीमांसी असतो. इथे तो पुस्तकाच्या मुळावर येतो.

शैलीचा वाचकाच्या मनावर परिणाम होतो, याचे प्रयोगही झाले आहेत. कॅनडात डेव्हिड मायल आणि डॉन क्विकेन यांनी १९९४ मध्ये दाखवले, की भाषेची नेहमीची वीण जिथे मुद्दाम उसवलेली असते त्या तुकड्यांवर वाचक जास्त वेळ रेंगाळतात आणि ते तुकडे त्यांना अधिक लक्षवेधी वाटतात. अभ्यासलेल्या कथा इंग्रजी होत्या. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात किड आणि कस्तानो यांनी आणखी मोठा दावा केला: साहित्यिक कथा थोडा वेळ वाचली तरी दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता वाढते. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. मला या दुसऱ्या वळणाचे आश्चर्य वाटत नाही. ‘साहित्य’ नावाचे एकच औषध नसते. कोणते वाक्य, कोणत्या भाषेत, मनाकडून नेमकी कोणती हालचाल करून घेते, हे विचारल्याशिवाय मोजमापाला अर्थ येत नाही. रॉजर फाउलर यांनी १९७७ मध्ये ‘मनोशैली’ अशा अर्थाची संज्ञा वापरली, पात्राच्या मनाची घडण त्याच्या वाक्यरचनेत दिसते या अर्थाने. मी ती पलीकडच्या काठाने वापरतो आहे. ती घडण वाचणाऱ्यात कशी उतरते?

फारसीतली एक साधी रचना घेऊ. तिथे नाम आधी येते आणि विशेषणे त्याच्या मागून, इजाफतीच्या ‘ए’ने ओवलेली. ‘ज़न-ए जवान-ए सियाहपूश’. म्हणजे बाई, तरुण, काळ्या वस्त्रांतली. मराठीत आपण हेच उलट्या क्रमाने म्हणू: काळ्या कपड्यांतली तरुण बाई. अर्थात फरक नाही, पाहण्यात आहे. फारसी वाचकासमोर बाई आधी उभी राहते आणि मग एकेक तपशील तिच्यावर उजेडासारखा पडत जातो. ही माळ कुठे संपेल हे त्याला ठाऊक नसते. आणखी एक ‘ए’ आला की प्रतिमा आणखी बदलते. मराठी वाचक मात्र काळे कपडे आणि तारुण्य हातात धरून वाट पाहत असतो, की हे कोणाच्या अंगावर घालायचे. नाम आले की प्रतिमा एकदम पुरी होते. ‘आंधळे घुबड’मध्ये निवेदक कलमदानांवर पुन्हा पुन्हा एकच चित्र काढतो: सरूचे झाड, त्याखाली आबा पांघरून उकिडवा बसलेला कुबडा म्हातारा, ओहोळापलीकडून त्याला कमळ देऊ पाहणारी मुलगी. हे चित्र फारसीत दर वेळी रंगवले जाताना दिसते. मराठीत ते रंगवून झालेले मिळते. (ही रचना आपल्याला परकी नाही, बरे का. ‘मौजे’, ‘कसबे’, ‘किल्ले रायगड’ यांतला शेवटचा ‘ए’ त्याच इजाफतीचा उरलेला तुकडा. माझ्या मोडी कागदांत तो दर दोन ओळींना भेटतो, पण तिथे त्याने कुणाला कधी चित्र दाखवले नाही.)

दुसरा सांधा लिंगाचा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. ‘ऊ’ म्हणजे तो आणि ‘ऊ’ म्हणजेच ती. ‘रफ्त’ म्हणजे गेला, गेली, गेले. ‘रफ्तम’ म्हणजे मी गेलो किंवा मी गेले. इंग्रजीत निदान ‘मी’ आणि क्रियापद तटस्थ राहतात. मराठीत सुटका नाही. आपले क्रियापदच चुगली करते.

आता ‘आंधळे घुबड’ची सुरुवात आठवा. निवेदक म्हणतो, की मी हे लिहितो आहे ते भिंतीवर पडलेल्या माझ्या सावलीसाठी, तिला माझी ओळख करून द्यावी म्हणून. हे लिहितानाच मी फसलो आहे. ‘सावलीसाठी’, ‘तिला’. फारसीतल्या ‘साये’ला लिंग नाही. ती सावली निवेदकाची जुळी आहे, पुढे ती घुबडासारखी दिसू लागते, लिहिलेले सगळे अधाशासारखे वाचत असते. तिचे स्त्री असणे किंवा पुरुष असणे मुळात उपस्थितच होत नाही. मराठीत ती पहिल्या पानावरच ‘ती’ होते. आणि या पुस्तकात एक ‘ती’ आधीच आहे, किंबहुना पुस्तकभर तीच आहे: ओहोळापलीकडची मुलगी, मग पलंगावर येऊन मरणारी स्त्री, मग बायको. मराठी वाचकाचे मन नकळत सावलीला त्या रांगेत नेऊन बसवते. निवेदक आपल्या प्रेयसीसाठीच लिहितो आहे की काय, अशी एक प्रेमकथेची छटा येते, जी मुळात कुणी घातलेली नाही. वाचक ही शंका मनात आणतही नाही, हेच वाईट. आणली असती तर ती खोडता आली असती.

मग मराठी ही या गद्याला प्रतिकूल भाषा ठरते का? तसे मला मुळीच वाटत नाही, आणि याची साक्ष हूशंग गोलशिरी यांच्या ‘शाजदे एहतेजाब’ (१९६९) या कादंबरीत मिळते. क्षयाने पोखरलेला, काजार घराण्यातला शेवटचा एक राजपुत्र रात्री खोलीत खोकत बसला आहे. भिंतींवर पूर्वजांच्या तसबिरी. क्रूर आजोबा, बाप, आणि मेलेली बायको फख्रुन्निसा, जी वाचणारी, हसून टोचणारी. ती गेल्यावर राजपुत्राने मोलकरीण फख्रीला तिचे कपडे चढवून तिचे सोंग करायला लावले आहे. एकाच बाईने दोघी व्हायचे, मालकीणही आणि मोलकरीणही. निवेदन ‘तो’वरून ‘मी’वर आणि परत असे न सांगता सरकते. फारसीत ‘गोफ्त’ आणि ‘गोफ्तम’ यांत फरक शेवटच्या एका अक्षराचा. सावध नसलेला वाचक ओळीच्या शेवटी पोहोचतो आणि कळते, की बोलणारा बदलला होता. वाक्य पुन्हा वाचावे लागते. दर पानावर असे दोन-तीनदा मागे जाताना वाचकाचे मन त्या राजपुत्रासारखेच होते, आपला आवाज कुठला आणि तसबिरीतल्यांचा कुठला हे वेगळे काढण्यात दमलेले.

इंग्रजीत ‘मी’ आणि ‘तो’ वाक्याच्या दारातच उभे राहतात, त्यामुळे ही फसगत होत नाही. मराठीत मात्र होऊ शकते. ‘म्हणाला’ आणि ‘म्हणालो’ यांत फरक एका मात्रेचा, तोही शेवटी. फख्रीच्या बाबतीत ‘म्हणाली’ आणि ‘म्हणाले’. कर्ता गाळून लिहिण्याची मुभा आपल्याला आहेच. आणि ‘पाहिलं’, ‘मारलं’ अशा क्रियापदांत तर आपण फारसीच्याही पुढे जातो. ‘दार उघडलं. आरसा पुसला. पाहिलं.’ कोणी पाहिले? मी, तो, की ती, काहीच कळत नाही. फारसीत इथे प्रत्ययाने निदान ‘मी’ उघड झाला असता. गोलशिरींना हे मराठी क्रियापद मिळाले असते तर त्यांनी त्याचे काय केले असते, हा विचार मला एखाद्या रात्री झोपू देत नाही. ज्या भाषेने हेदायत यांची सावली बिघडवली तीच गोलशिरींचा अंधार राखू शकते. अनुवादकाने मात्र मध्येच दयाळू होऊन ‘राजपुत्र म्हणाला’ असे घालता कामा नये.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. या गद्याचा आरंभ ज्यांच्यापासून धरतात त्या मोहम्मद अली जमालजादे यांच्या ‘यकी बूद यकी नबूद’ (बर्लिन, १९२१) या संग्रहातली ‘फारसी शकर अस्त’ ही कथा प्रसिद्ध आहे. अन्जली बंदरातल्या कोठडीत अडकलेला साधा पोर रमजान एका शेखला विचारतो, तर अरबीचा लोंढा अंगावर येतो. एका फिरंगाळलेल्याला विचारतो, तर फ्रेंच. दोघेही वेडे आहेत असे समजून तो घाबरून जातो. कथा भाषाशुद्धीचा धडा म्हणून वाचली जाते. पण तिची करामत अशी, की शेखचे बोलणे सामान्य वाचकालाही पुरते कळत नाही; न कळणे तो रमजानच्या शेजारी बसून भोगतो. मतप्रचार नंतर.

जलाल आले अहमद यांच्या ‘मुदीर-ए मद्रसे’ची (१९५८) तऱ्हा उलट. तारेच्या मजकुरासारखी तुटक वाक्ये, गाळलेली क्रियापदे. हातात पेटलेली सिगारेट घेऊन साहेबाच्या खोलीत शिरणारा, नमस्कारही न करणारा तो मुख्याध्यापक सुरुवातीपासूनच घाईत आणि त्रासलेला आहे. गाळलेले क्रियापद वाचक स्वतः भरतो, आणि भरता भरता त्याच्या तिरसटपणात सामील होतो. निवेदक पोराला बडवून काढतो तेव्हा हात मागे घ्यायला उशीर झालेला असतो. मराठीत याचा धक्का कमी बसेल. ‘खोली लहान. भिंती ओल्या.’ यात आपल्याला काही गाळल्यासारखे वाटतच नाही. फारसी वाचकाला ‘अस्त’ नसल्याची पोकळी जाणवते, आपण ती न पाहताच ओलांडतो. सिमीन दानेश्वर यांची ‘सवूशून’ (१९६९) या सर्वांत सरळ आणि सर्वांत वाचली गेलेली. जरीचे कर्णभूषण लग्नघरी मागून नेले जाते आणि ती नाही म्हणू शकत नाही. या एका प्रसंगात पुढची कादंबरी आहे. शांत वाक्ये, सरळ काळ. काही समीक्षक ही जुनी धाटणी मानतात. मला वाटते, ज्या बाईला नाही म्हणायला अख्खी कादंबरी लागते तिच्याबरोबर वाचकालाही तितकाच वेळ चालायला लावणे, हे काम वाक्य मोडून झाले नसते.

सावलीचा प्रश्न मात्र तसाच आहे. ‘बूफ-ए-कूर’ची पहिली काही पाने मराठीत आणण्याचा प्रयत्न मी गेली तीन वर्षे अधूनमधून करतो. ‘छाया’, ‘पडछाया’, दोन्ही स्त्रीलिंगी. ‘प्रतिबिंब’ नपुंसकलिंगी खरे, पण भिंतीवर प्रतिबिंब पडत नाही. मग एका पहाटे ‘सावट’ आठवले. नपुंसकलिंगी, आणि घुबडही नपुंसकलिंगी. ‘ते भिंतीवरचे सावट, ते वाकून वाचते आहे, ते घुबडासारखे दिसते.’ व्याकरण जुळले, ‘ती’ कुठे आड आली नाही. पण आज ‘सावट’ म्हटले की वाचकाला दुष्काळाचे सावट, संकटाचे सावट आठवते, मथळ्यांनी तो शब्द इतका झिजवला आहे. माझ्या वहीत पहिल्या ओळीवर दोन्ही शब्द लिहिलेले आहेत, एक शाईने आणि एक पेन्सिलीने. कोणता शाईने आहे ते दर वेळी वही उघडल्यावरच आठवते.